सिग्नल आला... पण कोणाचा?

मंडळी, गेल्या नोव्हेंबरात आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवर परग्रहवासी सापडले होते. ते साडेतीन दिवस टिकले. मेसमध्ये तेव्हा जी चर्चा रंगली, ती अनेकांना आठवत असेल. 'अरे, तुमच्या एलियनला आपली आमटी पाठवा, परत फिरकणार नाही' हा जोक मी किमान चाळीस वेळा ऐकला. त्या साडेतीन दिवसांचं खरं काय झालं, हे सांगायचं राहूनच गेलं. ते आज सांगतो. पण त्याआधी थोडं विज्ञानकथांबद्दल, कारण आमची फजिती व्हायला त्याच कारणीभूत होत्या!

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट साधा होता. मेसमधून मागून आणलेला तेलाचा पत्र्याचा डबा, त्यापुढे पुठ्ठा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा भोंगा, एक लो नॉइज ॲम्प्लिफायर, एक एसडीआर डोंगल आणि माझा लॅपटॉप. एवढ्या सामानावर आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल पकडता येतो. हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे साधारण २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, रेडिओलहर सोडतो. एकटा अणू फार क्वचित सोडतो, पण आकाशगंगेत अणूंना तोटा नाही. त्यामुळे आकाशगंगेचा पट्टा भोंग्यासमोर आला की स्क्रीनवर एक बुटका उंचवटा दिसतो. आमचा तो दिसला. आनंद झाला, चहा झाला.

आणि मग एका रात्री अकराच्या सुमारास स्क्रीनवर भलतंच काही उगवलं. नॉइजची पातळी एकदम वर आणि त्यावर दोन-तीन बारीक सुळके. वीसेक मिनिटं राहिलं आणि गेलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. माझा रूम पार्टनर अण्णा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "भावा, काँटॅक्ट."

'काँटॅक्ट' म्हणजे कार्ल सेगनची १९८५ सालची कादंबरी आणि तिच्यावर १९९७ मध्ये आलेला रॉबर्ट झेमेकिसचा सिनेमा. हॉस्टेलच्या हार्ड डिस्कवर पिढ्यानपिढ्या फिरणाऱ्या सिनेमांपैकी हा एक. त्यात जोडी फॉस्टर गाडीच्या बॉनेटवर हेडफोन लावून पडलेली असते, मागे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात व्हीएलएच्या पांढऱ्या तबकड्यांची रांग. आणि अचानक कानात ठोके पडू लागतात. ठोक्यांची संख्या मोजली तर मूळ संख्या! सिग्नल येतो अभिजित ताऱ्याकडून, म्हणजे वेगाकडून, साधारण २५ प्रकाशवर्षांवरून. हा सीन पाहून ज्याच्या अंगावर काटा आला नाही, त्याने खुशाल सिव्हिल घ्यावं. (सिव्हिलवाल्यांनो, हलके घ्या!)

या साऱ्याची सुरुवात मात्र कथेत नाही, एका रिसर्च पेपरात झाली. १९५९ साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मांडलं की, दुसऱ्या ताऱ्याभोवती कोणी असेल आणि त्याला हाक मारायची असेल, तर तो हायड्रोजनचीच फ्रीक्वेन्सी निवडेल, कारण हायड्रोजन सगळ्यांना माहीत असतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६० मध्ये फ्रँक ड्रेकने अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथे २६ मीटरच्या डिशने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावला. या प्रयोगाचं नाव 'प्रोजेक्ट ओझ्मा'. गंमत बघा, पहिल्याच दिवशी दुसऱ्या ताऱ्याकडे डिश वळवताच जोरदार ठोके ऐकू आले! सगळे उडाले. नंतर कळलं की तो सिग्नल पृथ्वीवरचाच होता, बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचा. म्हणजे या शोधाच्या इतिहासात परग्रहवासी यायच्या आधीच खोटा अलार्म येऊन गेला.

लेखक मंडळी मात्र एवढं थांबायला तयार नव्हती. १९६१ मध्येच बीबीसीवर 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका आली. लेखक जॉन एलियट आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल. हो, तेच हॉईल, ज्यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये आपल्या जयंत नारळीकरांनी पीएचडी केली. मालिकेत नव्याकोऱ्या रेडिओ दुर्बिणीवर सिग्नल येतो आणि त्यात दडलेला असतो एका कम्प्युटरचा आराखडा. माणसं तो बांधतात आणि मग तो कम्प्युटर माणसांकडूनच एक जीव तयार करून घेतो. म्हणजे परग्रहवाल्यांना प्रवासाचा खर्च नाही, तिकीट नाही. फक्त डिझाइन पाठवलं की काम झालं. सगळी मजुरी आपली!

ही 'आराखडा' कल्पना पुढे खूप चालली. 'काँटॅक्ट'मध्येही सिग्नलच्या पोटात एका यंत्राचा आराखडा निघतो. नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये आकाशाऐवजी जमिनीखालून एक पेटी सापडते, नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान हाती येतं आणि त्यातून 'वामन' नावाचा यंत्रमानव उभा राहतो. तिथेही प्रश्न तोच: आयतं ज्ञान मिळालं म्हणून बांधायचंच का? लॅबमध्ये सीनिअरचं सर्किट न समजता जोडून आयसी जाळणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं.

आपल्या 'कोई... मिल गया'ची (२००३) तऱ्हा वेगळी. तिथला शास्त्रज्ञ ऐकत बसत नाही, तो कम्प्युटरवरून 'ओम'चे ध्वनी आकाशात पाठवतो आणि यान थेट येऊन हजर! प्रकाशाच्या वेगाचं बंधन वगैरे काही नाही. प्रत्यक्षात १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबोच्या दुर्बिणीवरून खराखुरा संदेश पाठवला गेला. १६७९ बिट्सचा, तीन मिनिटांहून कमी वेळाचा, एम १३ या तारकागुच्छाच्या दिशेने. अंतर सुमारे २५,००० प्रकाशवर्षं. उत्तर आलंच तर साधारण ५०,००० वर्षांनी. तोपर्यंत आपले बॅकलॉग सुटलेले असतील अशी आशा. (अरेसिबोची ती दुर्बीण मात्र १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. हाक मारणारा गेला, हाक अजून प्रवासात आहे.)

हा उशीर ज्याने खरोखर मनावर घेतला तो लेखक म्हणजे जेम्स गन. त्याच्या 'द लिसनर्स' (१९७२) मध्ये प्रकल्प पन्नास वर्षं नुसता ऐकतोय आणि काहीच मिळालेलं नाही. लोक कंटाळलेत, पैसे देणारे प्रश्न विचारतायत. शेवटी ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला ताऱ्याकडून सिग्नल येतो. मग काय? उत्तर पाठवायचं आणि त्यावरच्या उत्तरासाठी नव्वद वर्षं थांबायचं. प्रश्न विचारणारी पिढी वेगळी, उत्तर ऐकणारी वेगळी.

पोलिश लेखक स्टानिस्लाव लेमने तर कमालच केली. त्याच्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' (१९६८) मध्ये न्यूट्रिनोंच्या प्रवाहात संदेश सापडतो. नेवाडाच्या वाळवंटात हुशार माणसांची फौज गुप्तपणे कामाला लागते. आणि शेवटी? कळत नाही. पूर्ण कादंबरी संपते तरी संदेश उलगडत नाही. जो तो त्यात आपलंच काहीतरी बघतो. लष्कराला शस्त्र दिसतं, कोणाला जीवनाचं रसायन दिसतं. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वैतागलो होतो. आता वाटतं, सगळ्यात प्रामाणिक तीच आहे.

आणि अलीकडचा लिउ त्सशिन. त्याची 'थ्री बॉडी प्रॉब्लेम' २००६ मध्ये चीनमध्ये क्रमशः आली, इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. सांस्कृतिक क्रांतीत वडिलांची हत्या डोळ्यांनी पाहिलेली ये वेनजिये गुप्त तळावरून संदेश पाठवते. उत्तर येतं ते इशाऱ्याचं, की पुन्हा बोलू नका, नाहीतर तुमची जागा कळेल. तरीही ती उत्तर देते, कारण माणसांवरचा तिचा विश्वास उडालेला असतो. इथे धोका परग्रहवासियांचा नंतरचा, आधीचा धोका आपण एकमेकांशी कसं वागतो त्याचा.

आता या सगळ्या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे, बघा. सगळ्यांची खरी गोष्ट सिग्नल आल्यावर सुरू होते. कोणी आराखडा बांधतं, कोणी अर्थ लावत बसतं, कोणी उत्तर देतं, कोणी घाबरतं. सिग्नल खरा आहे का, हा प्रश्न दोन-चार पानांत आटोपतो. 'काँटॅक्ट'मध्ये निदान तो आहे. नायिका लगेच सहकाऱ्यांना शंका घ्यायला लावते, विमान नाही ना, उपग्रह नाही ना, आणि ऑस्ट्रेलियाला फोन लावते. पण सिनेमात ते काही मिनिटांचं काम. प्रत्यक्षात तेच आयुष्यभराचं काम आहे. कोणी बोलतंय का हे कळायच्या आधी, ते बोलणारे आपणच तर नाही ना, हे तपासावं लागतं.

तपासतात कसं? एक तर, हेडफोन वगैरे कोणी लावत नाही. लाखो-कोट्यवधी चॅनेल एकदम कम्प्युटरच बघतो. मग चाळण्या लावायच्या. पहिली चाळणी: डिश ताऱ्याकडे वळवा, मग बाजूला वळवा, पुन्हा ताऱ्याकडे. बाजूला वळवूनही सिग्नल राहिला तर तो ताऱ्याचा नाही. दुसरी: पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दूरच्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी डॉप्लर परिणामाने हळूहळू सरकायला हवी. १४२० मेगाहर्ट्झला हे सरकणं सेकंदाला जास्तीत जास्त ०.१६ हर्ट्झच्या आसपास. जो अजिबात सरकत नाही, तो बहुधा जमिनीवरचाच. तिसरी: तोच सिग्नल दुसऱ्या ठिकाणच्या दुर्बिणीवर दिसतो का? आणि चौथी, आमची लाडकी: तारे रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतात. दुर्बीण एका जागी स्थिर असेल, तर आकाशातली वस्तू रोज चार मिनिटं आधी समोर यायला हवी. १९६७ मध्ये जॉसलिन बेलला १.३३ सेकंदांनी धडधडणारे ठोके सापडले, तेव्हा ते ताऱ्यांचं हेच घड्याळ पाळत होते. म्हणून ते आकाशातले हे नक्की झालं. त्यांना गमतीने 'लिटल ग्रीन मेन' नाव दिलं गेलं, पण तो निघाला पल्सार.

या चाळण्यांतून काय काय गळतं बघा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर अनेक वर्षं एक विचित्र सिग्नल येत होता, बहुतेकदा दिवसा, कामाच्या वेळात. २०१५ मध्ये उलगडा झाला: कर्मचारी टायमर संपायच्या आत मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार उघडत होते! जेवण गरम करणाऱ्यांनी खगोलशास्त्राला चकवलं होतं. त्याच पार्क्सवर २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झचा एक सिग्नल नोंदला गेला. पुढच्या वर्षी तो डेटा चाळताना हेरला कोणी, तर आपल्यासारख्याच एका पदवीच्या विद्यार्थ्याने, इंटर्नशिप करताना. तो डिश ताऱ्याकडे असतानाच दिसत होता आणि सरकतही होता! जगभर बातम्या झाल्या. पण २०२१ मध्ये त्याच टीमने पेपर लिहून सांगितलं की, असेच सुळके इतर फ्रीक्वेन्सीवरही आहेत, उपकरणांतल्या ऑसिलेटरच्या पटीत बसणारे. म्हणजे इंटरमॉड्युलेशन. थर्ड इयरला पेपरात येतं ते. आपण ऑप्शनला टाकतो ते.

आणि काही सिग्नल चाळणीत अडकूनच राहतात. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोच्या 'बिग इअर' दुर्बिणीवर ७२ सेकंदांचा जबरदस्त सिग्नल आला. प्रिंटआउटवर '६ईक्यूयूजे५' अशी अक्षरं उमटली. नऊच्या पुढे अंक संपले की ए म्हणजे १०, बी म्हणजे ११ अशी ती मोजणी. यू म्हणजे नॉइजच्या तीसपट. जेरी एमन यांनी लाल पेनने गोल करून बाजूला 'वॉव' लिहिलं. पण तो परत कधीच आला नाही. पुन्हा न येणाऱ्या गोष्टीचा पुरावा होत नाही, म्हणून तो अजून फक्त 'वॉव'च आहे.

आता आमच्या गच्चीवर परत या. तिसऱ्या रात्रीनंतर आम्ही मोठ्या तोऱ्यात गाइड सरांकडे गेलो. सर स्वतः याच हॉस्टेलचे. २००३ साली कम्प्युटर सेंटरच्या पीसीवर गुपचूप 'सेटी ॲट होम' चालवायचे. आठवत नसेल त्यांच्यासाठी: १९९९ ते २०२० पर्यंत जगभरातल्या लोकांनी आपले रिकामे कम्प्युटर अरेसिबोचा डेटा तपासायला दिले होते, स्क्रीनसेव्हरच्या रूपात. तर सरांनी आमचा ग्राफ बघितला आणि एकच प्रश्न विचारला.

"वेळ काय होती रे तिन्ही रात्री?"

आम्ही सांगितलं. पहिल्या रात्री अकरा पाच, दुसऱ्या रात्री अकरा वीस, तिसऱ्या रात्री दहा पंचावन्न.

"मग हा तारा चहा पिऊन येतो का?" सर म्हणाले.

तिथेच आमचे चेहरे पडले. रोज चार मिनिटं लवकर यायला हवा होता. तो आमचं वेळापत्रक पाळत होता! त्या रात्री भोंगा उलटा करून जमिनीकडे धरला, तरी सुळके तसेच. मग एकेक गोष्ट बंद करत गेलो. जिन्यातला दिवा, मोबाइल, वायफायचा डबा. काही फरक नाही. शेवटी अण्णाने रोजच्यासारखी डेटाची कॉपी घ्यायला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली... आणि स्क्रीनवर परग्रहवासी हजर! काढली, गेले. जोडली, आले. चहा पिऊन आलो की आम्ही बॅकअप घ्यायचो, आणि त्या वेगवान यूएसबी केबलचा रेडिओ कचरा थेट आमच्या भोंग्यात शिरायचा. डेटा जपण्याच्या नादात आम्हीच डेटा बिघडवत होतो.

खरी परीक्षा त्यानंतर होती. रिपोर्ट लिहिताना अण्णा म्हणाला, ते तीन रात्रींचं गाळून टाकू, हायड्रोजनचा उंचवटा छान आलाय, तेवढाच दाखवू. खोटं काहीच नव्हतं त्यात. मलाही पटलं होतं. मेसमध्ये झाली तेवढी शोभा पुरे होती. सरांनी ड्राफ्ट वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण यातलं तुम्ही खरोखर शिकलेलं प्रकरण कुठे गेलं?" आम्ही ते परत घातलं. पूर्ण एक चॅप्टर, फजितीसकट.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच पान उघडलं. "म्हणजे शेवटी तुम्हाला काहीच सापडलं नाही?" मी म्हणालो, "सर, हार्ड डिस्क सापडली." ते हसले आणि मग पुढची दहा मिनिटं फक्त शिल्डिंग आणि ग्राउंडिंगवर बोलले. त्या दहा मिनिटांत जे समजलं ते चार सेमिस्टरमध्ये समजलं नव्हतं.

आता कोणी विचारेल, ओझ्मापासून साठहून जास्त वर्षं झाली, एकही खरा सिग्नल नाही, मग हा उद्योग कशाला? १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हाच प्रश्न विचारून नासाच्या शोधाचे पैसे बंद केले होते. याचं एक उत्तर २०१८ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हिशेब करून दिलं. जेवढं शोधायचं आहे ते पृथ्वीवरचे सगळे समुद्र मानले, तर आजवर तपासलेलं पाणी एका मोठ्या हॉट टबाएवढं. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या हॉस्टेलला येणाऱ्या टँकरमध्ये सहज मावेल एवढं. तेवढ्या पाण्यात मासा दिसला नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत, असं कोण म्हणेल?

दुसरं उत्तर मला त्या कथांनीच दिलं. 'काँटॅक्ट'च्या शेवटी नायिकेकडे पुरावा म्हणून उरते ती फक्त नॉइजची रेकॉर्डिंग, पण ती असते अठरा तासांची. नॉइजही काहीतरी सांगतो, तो किती आणि कधीचा, हे नीट लिहून ठेवलं तर. मोठ्या दुर्बिणी नेमकं हेच करतात. पाहायचं असेल तर लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २०१६ च्या ऑक्टोबरात मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेल्ली यानाचा क्षीण सिग्नल तिथे पकडला गेला होता. म्हणजे माणसाचाच आवाज, पण मंगळावरून आलेला! तो ओळखता आला, कारण इथला गोंगाट वेगळा काढता आला.

असो. भोंगा अजून गच्चीवर टाकीमागे झाकून ठेवलाय. ज्युनिअर्सपैकी कोणाला पुढे चालवायचा असेल तर रूमवर या, चहा पाजतो. अट एकच: जे दिसेल ते लिहून ठेवायचं, जे दिसणार नाही तेही लिहून ठेवायचं.

आणि हो, हार्ड डिस्क खाली रूमवरच ठेवायची!